'पॅलिएटिव्ह केअर'ला मराठीत काय म्हणाल?

मिरजेची_शब्दवेडी: एका हॉस्पिटलचं पत्रक मराठीत करतेय, पॅलिएटिव्ह केअरपाशी (गंभीर आजारात दुखणं नि त्रास कमी करणारी सेवा) अडकलेय. 'उपशामक काळजी' लिहिलं तर सिस्टर म्हणाल्या, ताई हे कुणाला कळणार. एकांनी 'अखेरची सेवा' सुचवलं, ते मला अजिबात नको. माझ्या काकांना जबड्याचा कॅन्सर होता, पसरलेला. डॉक्टर म्हणाले पॅलिएटिव्हला दाखवा आणि आमच्या घरी त्याचा अर्थ 'आता काही उरलं नाही' असा घेतला गेला, दोन महिने कुणी तिकडे फिरकलंच नाही. काका रात्र रात्र भिंतीला उशी लावून बसून, आडवं झालं की ठणका थेट कानात. शेवटी गेलो, मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या दर चार तासांनी, आणि तिसऱ्या दिवशी काका कुशीवर झोपलेले दिसले. ते दोन महिने एका शब्दापायी गेले हो.

जुनाजाणता: व्याकरणाने 'उपशमक' हवं. शम् धातूला तिथे वृद्धी (अ चा आ) होत नाही.

ठाणेकर७२: वेदनाशामक म्हणतो की सगळे! रूढ झालं ते बरोबर.

वैद्यबुवा: चरकांचा 'याप्य' शब्द घ्या. पुरता बरा होत नाही पण उपचार चालू आहेत तोवर आटोक्यात राहतो तो रोग याप्य. आपल्या कालयापनातलंच यापन.

ठाणेकर७२: पण याप्य हे रोगाला झालं, काळजीला नाही. आणि पेशंटच्या बायकोला याप्य म्हणजे काय सांगणार?

परदेशस्थ_मावशी: पॅलिएटिव्हचं मूळ लॅटिन पॅलियम, म्हणजे अंगावरून घ्यायचं वस्त्र. मला तर दुखणाऱ्या माणसावर कुणी शाल पांघरतंय असंच दिसतं. आणि हे नावसुद्धा भीती टाळायलाच निवडलेलं. १९७० च्या दशकात मॉन्ट्रियलला डॉ. बाल्फर माउंट यांना 'हॉस्पिस' (मरणाला टेकलेल्यांची सेवा करणारी जागा) हा शब्द वापरता येईना, फ्रेंचमध्ये त्याला निराधारांच्या आश्रमाचा वास येत होता, म्हणून पॅलिएटिव्ह केअर. आता त्यालाच मरणाचा वास लागलाय.

नर्सिंगवाली: म्हणून पत्रकात शब्दापेक्षा 'कधी' ते आधी लिहा. २०१० मध्ये बॉस्टनला फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ पेशंटचा अभ्यास झाला, ज्यांना निदानानंतर लगेच ही सेवा मिळाली त्यांचे दिवस जास्त बरे गेले आणि ते सरासरी जगलेही जास्त. केमो चालू असतानाच जायचं असतं. शब्द म्हणाल तर मला सुश्रूषा आवडतो.

जुनाजाणता: शुश्रूषा! दोन्ही श तालव्य. श्रु म्हणजे ऐकणे, शुश्रूषा म्हणजे ऐकायची इच्छा.

नर्सिंगवाली: हे माहीत नव्हतं. आमचं निम्मं काम तेच आहे, कुठे दुखतंय ते ऐकून घेणं.

ठाणेकर७२: पण आमच्याकडे सगळे सुश्रूषाच म्हणतात, पाट्यांवरसुद्धा तसंच.

जुनाजाणता: पाट्या चुकीच्या आहेत.

मिरजेची_शब्दवेडी: शुक्रवारी छापायला जाणारे. सध्या 'दुखणं हलकं करणारी सेवा (पॅलिएटिव्ह)' ठेवलंय आणि खाली ठळक, 'कॅन्सरचे उपचार चालू असतानाच या'. काही सुचलं तर सांगा.

वैद्यबुवा: 'हलकं' नको, शमन म्हणा. शोधन (दोष बाहेर काढणं) वेगळं, शमन (ते आतच शांत करणं) वेगळं.

ठाणेकर७२: पुन्हा तेच!