कॉन्फिग गिटमध्ये की सर्व्हरवर?

हिंगणघाटची: आमच्याकडच्या एका जिनिंगच्या वेब ॲपमधून मागच्या हंगामात टेस्टिंगसाठी टाकलेला भाव खऱ्या शेतकऱ्यांना एसएमएसने गेला. टेस्ट सर्व्हरवर लाइव्हची, म्हणजे खऱ्या वापरातली, एसएमएस-की (एसएमएस सेवेची गुप्त किल्ली) होती. लोक कापसाच्या गाड्या भरून काट्यावर आले. म्हणून माझं म्हणणं: कॉन्फिग, म्हणजे डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, की, यातलं काहीच गिटमध्ये, म्हणजे कोड आणि त्याच्या बदलांचा इतिहास ठेवतो तिथे, नको. ज्या त्या सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, म्हणजे कोडबाहेर, त्या मशीनवरच नाव देऊन. ॲप होस्टिंगवाल्या हेरोकू कंपनीच्या लोकांनी २०११ मध्ये मांडलेल्या 'ट्वेल्व्ह-फॅक्टर' नियमांमधली कसोटी मला पटते: कोड आत्ता सगळ्यांना खुला केला तर एखादा पासवर्ड उघडा पडेल का?

दर्यापूरचा: ताई, ती की सर्व्हरवरच होती ना? कुणीतरी लाइव्हची डॉट-एन्व्ह फाइल (हे व्हेरिएबल लिहून ठेवायची फाइल) तशीच टेस्टवर टाकली असणार. गिटमध्ये नाही, म्हणून कोणाच्या नजरेला पडली नाही. टेस्ट, लाइव्ह अशा प्रत्येक एन्व्हायर्नमेंटची फाइल गिटमध्येच ठेवा, गुपितं सॉप्स नावाच्या टूलने एन्क्रिप्ट करा. व्हेरिएबलची नावं वाचता येतात, त्यांच्या किमती (व्हॅल्यू) झाकलेल्या राहतात. कोणी कधी काय बदललं ते गिटच्या डिफमध्ये (जुन्या-नव्यातल्या फरकात) दिसते.

हिंगणघाटची: बदल झाला एवढंच दिसेल. झाकलेली एसएमएस-की टेस्टची आहे का लाइव्हची, हे डिफ पाहून कसं कळणार? ते ॲपनेच सुरू होताना तपासावं. एन्व्हायर्नमेंट टेस्ट असेल आणि एसएमएस खरा जात असेल तर ॲप उठूच नये.

आर्वीकर: ही तपासणी लिहाल तेव्हा एक सांभाळा. व्हेरिएबलमधलं सगळं स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरं, असतं. 'फॉल्स' लिहिलं तरी जावास्क्रिप्ट आणि पायथॉन रिकामी नसलेली स्ट्रिंग 'ट्रू'च धरतात, एसएमएस चालूच राहील.
आणि आधी कॉन्फिग कशाला म्हणायचं ते ठरवा. सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) कापसातल्या ओलाव्याची ८ ते १२ टक्क्यांची मर्यादा मी लोकांच्या डॉट-एन्व्हमध्ये पाहिली आहे! ती सगळ्या सर्व्हरवर सारखीच. तिची जागा कोडमध्ये किंवा डेटाबेसमध्ये.

दर्यापूरचा: ओलाव्याचं कबूल. पण दिवाळीनंतर काट्यावर रांग लागली असताना सर्व्हर बसला, तर नव्या मशीनवर त्या किमती कुठून आणता? माहीत असणारा एकच पोरगा, आणि तो पुण्याला गेलेला. खेड्यात हे रोजचं आहे बाप्पा.

हिंगणघाटची: एन्क्रिप्ट केलेली एक प्रत गिटमध्ये असू द्या, हे मान्य. पण ॲपने वाचायचं ते व्हेरिएबलमधूनच, आणि ती प्रत उघडायची किल्ली त्या पोराशिवाय मॅनेजरकडेही हवी.