अनुभव धागा: आमच्या गावचे डॉक्टर

गेल्या महिन्यात आमच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. वय 79. आईचा केसपेपर आणायला गेले, तर त्यांनी लोखंडी कपाटातून पिवळा पडलेला कागद काढून दिला. पहिली नोंद 1983 ची, माझ्या जन्माच्याही आधीची. वर लाल शाईत 'पेनिसिलिन देऊ नये', आणि खाली बारीक अक्षरात, 'वडील गेले. झोप नाही.' आई तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. झोप लागते का, असं सासरी कोणी विचारल्याचं तिला आठवत नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं आणि लिहूनही ठेवलं होतं. तो कागद घेऊन मी बराच वेळ तिथल्या बाकावर बसून राहिले.

तुमच्या गावच्या डॉक्टरांबद्दल लिहा. 'देवमाणूस होते' एवढ्यावर थांबू नका, नेमकं काय केलं ते सांगा.

महाड तालुक्यातून

आमच्याकडे लाल विंचवाचं भय. भातकापणीच्या दिवसांत आजी पेंढा उचलायला गेली आणि बोटाला डसला. "फार दुखत नाय रे," असं तीच म्हणत होती, म्हणून आम्ही निवांत. डॉक्टरांनी मात्र ते ऐकलं आणि हातातला पेशंट तसाच ठेवून उठले. लाल विंचवाचं विष अंगात भिनलं की दुखणं कमी आणि घाम जास्त, हे त्यांना ठाऊक होतं. आजीचं लुगडं पिळून काढावं इतकं भिजलेलं, हातपाय बर्फासारखे गार.

आमच्याच भागात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही लक्षणं बारकाईने टिपली. 1982 साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी यावर लागू पडते हेही पुढे त्यांनीच दाखवलं. आमच्या डॉक्टरांनी तीच दिली. "म्हातारीला उठवून बसवायचं नाही, लघवीलासुद्धा नाही. प्रेशर एकदम खाली येईल." दर तीन तासांनी गोळी. मधल्या वेळात ते पायथ्याशी बसून आजीचे तळवे हातात धरून बघायचे. पहाटे कधीतरी म्हणाले, "पाय तापले," आणि मग पहिल्यांदा चहा मागितला.

आजोबांच्या धाकट्या भावाला असाच विंचू डसला होता. त्याला मांत्रिकाकडे नेलं होतं. तो राहिला नाही.

बार्शीहून, कंपाउंडरचा मुलगा

माझे वडील 31 वर्षं एकाच दवाखान्यात कंपाउंडर. खलात गोळ्या कुटून पुड्या बांधायच्या, काचेच्या सिरिंजा उकळायच्या, मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. शाळा सुटली की त्या पट्ट्या कातरायचं काम माझ्याकडे. खाचा सारख्या आल्या नाहीत तर डॉक्टर पट्टी परत करायचे. म्हणायचे, "ज्याला वाचता येत नाही तो या खाचेवर विसंबून औषध घेणार आहे."

उधारीची वही वडिलांकडे असायची. सुगी होईपर्यंत ती उघडायची नाही, आणि ज्या घरात माणूस गेलंय त्या घराचं पान फाडून टाकायचं, हा डॉक्टरांचा नियम.

पण त्यांचं सगळ्यात अवघड काम वेगळंच होतं. अंगात कणकण आली की लोक यायचे आणि म्हणायचे, "डॉक्टर, एक सलाईन लावा." डॉक्टर नाही म्हणायचे. अर्धा लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. तोंडाने खाता-पिता येतंय तर घरी जाऊन मीठ घालून ताक प्या, असं सांगायचे. लोक चिडायचे. समोरच दुसरा दवाखाना निघाला, तिथं आल्या आल्या सलाईन. आमच्या बाकावरची गर्दी निम्मी झाली, वडिलांचा पगार दोन महिने थकला. तरी डॉक्टरांनी सुई उगाच टोचली नाही.

नाव-गाव सांगत नाही

लग्नाला चार महिने झाले होते आणि मला टीबी निघाला. 1996. सासरी कळलं तर माहेरी धाडतील या भीतीने मी डॉक्टरांचे पाय धरले. ते म्हणाले, "लपवून सहा महिने औषध होत नाही. मी सांगतो." सासूबाईंना बोलावून त्यांनी तासभर समजावलं. औषध नेमाने घेतलं तर घरादाराला धोका राहत नाही, सोडलं तर सगळ्यांना आहे. लघवी लालसर-केशरी होईल, ते रक्त नव्हे, गोळीचा रंग आहे, हेही आधीच सांगितलं. ते सांगितलं नसतं तर दुसऱ्याच दिवशी मी घाबरून गोळ्या टाकून दिल्या असत्या.

दर शुक्रवारी ते चहाला म्हणून यायचे. चहा पिता पिता गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजायचे. सहाव्या महिन्यात सासूबाईच पाकिटं काढून ठेवू लागल्या होत्या.

डॉक्टरांची मुलगी, खानदेश

आमच्या घरात "बाबा जेवताहेत" असं दारावरच्या माणसाला सांगायची बंदी होती. बाबांच्या ताटावर जाळीचं झाकण कायम. हगवण लागलेलं लेकरू आलं आणि बाबा बाहेर असले, तर आई स्वतः पाणी करून द्यायची: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमच्या-चमच्याने पाजायला शिकवायची. दवाखान्याच्या पाटीवर तिचं नाव कधी नव्हतं. तेवढं इथे लिहावं म्हणून लिहिलं.

एक नवा डॉक्टर

तालुक्याच्या गावात दवाखाना टाकून मला तीन वर्षं झाली. बार्शीकर दादा, सलाईनचं वाचून राहवलं नाही. माझ्याकडेही रोज तेच. पेशंट तुटल्यावर तुमच्या डॉक्टरांनी काय केलं, वडिलांना विचाराल का?

बार्शीहून, कंपाउंडरचा मुलगा

विचारलं. वडील म्हणाले, काही वेगळं केलं नाही, रोज सकाळी नऊला दवाखाना उघडला. दोन वर्षं तशीच गेली. मग आधी बायका परत आल्या, लेकरं घेऊन. पुरुष मंडळी बऱ्याच उशिरा.