येझी डुडेक: मोठा गोलकीपर की एका रात्रीचा राजा?

नऊनंबरी:
इस्तंबूलचा विषय निघाला की लोक डुडेकला थेट महान गोलकीपरांच्या पंगतीत बसवतात. मला नाही पटत. 25 मे 2005 ची ती चॅम्पियन्स लीगची फायनल, जी लिव्हरपूलने मिलानविरुद्ध पेनल्टी शूटआउटवर जिंकली, ती बाजूला काढा आणि सांगा, काय उरतं? लिव्हरपूलमध्ये सहा वर्षं, त्यातली शेवटची दोन बहुतेक बाकावर. मग रेआल माद्रिदमध्ये चार वर्षं पहिला गोलकीपर कासियासच्या मागे बसून पगार. शिवाय त्या शूटआउटमध्ये मिलानच्या पिर्लोची पेनल्टी अडवताना साहेब गोललाइन सोडून चांगले पुढे आले होते. आज ती परत मारायला लावली असती.

जुना_गोली:
नवरदेव बाजूला काढून लग्न कसं झालं विचारताय!
रॉटरडॅमचा फेयेनूर्ड क्लब विसरलात का? पोलंडमधल्या सिलेशियातल्या कोळसापट्ट्यात वाढलेला, खाणकामगाराचा मुलगा. 1996 ला तिथे गेला आणि 1999 ला डच लीग जिंकूनच दाखवली. 2001-02 मध्ये लिव्हरपूल इंग्लिश लीगमध्ये दुसरं आलं, 38 सामन्यांत फक्त 30 गोल खाल्ले. त्यातल्या 35 सामन्यांत गोलात हाच होता.

बाकावरचा_बारावा:
आणि डिसेंबर 2002? मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, लिव्हरपूलच्याच ॲनफिल्ड मैदानावर. आपल्याच बचावपटू कॅरागरने डोक्याने हळूच मागे दिलेला बॉल याच्या पायांतून निसटला आणि युनायटेडच्या फोर्लानने आयता गोलात ढकलला. गल्लीतल्या पोराने धरला असता तो.

जुना_गोली:
धरला असता, कबूल. त्यानंतर त्याला बसवलंही. पण त्याच्या जागी आलेला गोली कर्कलंड जखमी झाल्यावर परत आला आणि 2 मार्च 2003 ला लीग कपच्या फायनलमध्ये त्याच युनायटेडला एकही गोल करू दिला नाही. 2-0, सामनावीर डुडेक. मी स्वतः कॉलेजात गोली होतो. एक बॉल पायातून गेला की पुढचे चार सामने पाय आपोआप जुळतात, हे माहीत आहे मला.

रात्रपाळी:
इस्तंबूलची ती मॅच आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाली. हाफटाइमला लिव्हरपूल 0-3 मागे पडल्यावर आमच्या रूमवरचे निम्मे झोपले. मग सहा मिनिटांत लिव्हरपूलचे तीन गोल! पण माझ्यासाठी खरी गोष्ट 117 व्या मिनिटाची. डुडेकने मिलानच्या शेव्हचेन्कोचं हेडर अडवलं, बॉल परत त्याच्याच पायाशी, गोल जेमतेम दोन पावलांवर. त्याने जोरात हाणला आणि हा गडी अजून नीट उठलाही नव्हता, तरी हात वर गेला आणि बॉल बारवरून बाहेर. मी आजही ते बघताना गोल होणार असंच धरून चालतो.

नऊनंबरी:
तो सेव्ह अफाट, वाद नाही. पण लिव्हरपूलचा प्रशिक्षक बेनिटेझने रोज सरावात पाहून काय ठरवलं? फायनलनंतर त्याच उन्हाळ्यात दुसरा गोलकीपर रेइनाला आणलं. 2006 च्या वर्ल्ड कपला पोलंडचा प्रशिक्षक यानासनेही डुडेकला घरी ठेवलं. जवळून पाहणाऱ्यांचं मत आपल्यापेक्षा जड.

रात्रपाळी:
जवळून पाहणारे माद्रिदमध्येही होते की. 2011 ला अल्मेरियाविरुद्धच्या शेवटच्या मॅचमध्ये तो बाहेर येताना सहकाऱ्यांनी मैदानातच दोन रांगा करून टाळ्या वाजवल्या. बाकावर बसणाऱ्याला कोण देतं असा निरोप?

नऊनंबरी:
माणूस गोड असेल हो. मुद्दा गोलकीपिंगचा आहे. शूटआउटमध्ये मिलानच्या सर्जिन्योने बॉल बारवरून मारला, तोही डुडेकच्याच खात्यात का?

जुना_गोली:
अर्थात. त्याच्यासमोर हात हलवत नाचत कोण होतं?