सीटी अँजिओ की साधी अँजिओग्राफी? उद्या सकाळपर्यंत ठरवायचंय, प्लीज मदत करा

कराडकर_मुलगी : बाबांची टीएमटी (पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) पॉझिटिव्ह आली, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे. एक डॉक्टर म्हणतात आधी सीटी अँजिओ (स्कॅनवर हृदयाच्या धमन्या बघतात ती) करून घ्या, दुसरे म्हणतात डायरेक्ट अँजिओग्राफी करा. सीटीची उद्या सकाळी ८ ची अपॉइंटमेंट घेऊन ठेवलीय. अँजिओग्राफीत बाबांच्या हृदयात तार घालणार या विचाराने आईला रात्रभर झोप नाही, ती सीटीच करा म्हणतेय. कुणी केलं असेल तर लवकर सांगा, काय करू?

शेखर_डोंबिवली : इको नॉर्मल आहे ना, मग एवढं काय घाबरायचं. माझ्या सासऱ्यांचं पण असंच होतं, टीएमटी पॉझिटिव्ह आणि पुढे काहीच निघालं नाही.

सीटीरूम : शेखर, असं कृपया लिहू नका. इकोत हृदयाचं पंपिंग आणि झडपा दिसतात, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांमधला ब्लॉक दिसत नाही. अटॅक येऊन गेला नसेल तर ब्लॉक असूनही बसल्या जागी केलेला इको नॉर्मल येऊ शकतो.
ताई, मी १४ वर्षं सीटीवर टेक्निशियन आहे. बाबांचं वय काय? शुगर आहे का? क्रिएटिनिन (किडनीचा रिपोर्ट) किती? नाडी किती असते? दमा आहे का? त्रास नक्की काय होतो? यातलं काहीच तुम्ही लिहिलं नाहीये.

कराडकर_मुलगी : वय ६८. शुगर आहे १५ वर्षांपासून, गोळ्या चालू. जिना चढताना छातीत भरून येतं, थांबले की बरं वाटतं. बाकी रिपोर्ट भावाकडे आहेत. पण सीटी करू का नको एवढंच सांगा ना.

निरामय६० : मी तर सांगेन कॅल्शियम स्कोअर करा, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजायचा सीटी स्कॅन. डाय (धमन्या फोटोत दिसाव्यात म्हणून सोडतात तो) नाही, सुई नाही, पाच मिनिटांत बाहेर. १९९० मध्ये अगॅटस्टन यांनी ही मोजायची पद्धत दिली. शून्य आला तर धोका खूप कमी, ४०० च्या वर गेला तर सावध. मी स्वतः केलाय, माझा शून्य आला. चाळिशीनंतर प्रत्येकाने करावा, ताई तुम्ही पण करून घ्या.

सीटीरूम : तो ज्यांना काही त्रास नाही त्यांचा पुढचा धोका बघायला चांगला. यांच्या बाबांना जिना चढताना छातीत भरतंय आणि टीएमटी पॉझिटिव्ह आहे, इथे स्कोअर कळून पुढचं काही ठरणार नाही. आणि त्यात फक्त कॅल्शियम साठलेलं दिसतं, मऊ चरबीचा थर दिसत नाही.

निरामय६० : पण शून्य आला तर मोठा ब्लॉक नसतो असं मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय.

सीटीरूम : शक्यता कमी होते, संपत नाही. त्रास असलेल्या माणसाच्या बाबतीत तेवढ्यावर बसता येत नाही.

जुनी_पाने : ताई, आईंना हे सांगा. अँजिओग्राफीत तार हृदयात जातच नाही, बारीक नळी मनगटातून महाधमनीपर्यंत जाते आणि हृदयाच्या धमन्यांच्या तोंडाशी थांबते, तिथे डाय सोडतात. खरोखर हृदयात नळी घातली ती फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने, १९२९ साली, स्वतःच्याच हातातल्या शिरेतून ६५ सेंटिमीटर आत, आणि तशीच नळी घेऊन एक्स-रे काढायला चालत गेला. १९५६ ला नोबेल मिळालं त्याला. आणि धमनीत थेट डाय सोडायची सुरुवात तर चुकून झाली, १९५८ मध्ये क्लीव्हलंडला सोन्स महाधमनीचे फोटो घेत होते, नळी सरकून उजव्या धमनीत गेली आणि सगळा डाय तिकडेच. पेशंटचं हृदय काही सेकंद थांबलं, सोन्स त्याला मोठ्याने खोक म्हणाले आणि ते परत सुरू झालं. इकोचं पण सांगतो, स्वीडनमध्ये लुंडचे एडलर आणि हर्ट्झ यांनी जहाजाच्या कारखान्यातलं, पोलादातल्या भेगा शोधायचं यंत्र वापरून बघितलं आणि १९५३ ला...

शेखर_डोंबिवली : दादा हे सगळं छान आहे पण त्यांना उद्या ८ ला जायचंय. आणि हृदय थांबल्याचं आईंना सांगू नका हो.

जुनी_पाने : बरोबर, ते आईंना नको. नळी मनगटातून जाते आणि तोंडाशी थांबते एवढंच सांगा.

मेडिक्लेम_माहिती : विमा कॅशलेस असेल तर आजच टीपीएला (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्यांना) मेल टाका. बऱ्याच पॉलिसीत नुसती तपासणी बसत नाही, ॲडमिट व्हावं लागतं. पॉलिसी कुठली आहे?

कराडकर_मुलगी : पैशाचं मी विचारलंच नाहीये. भावाने रिपोर्ट पाठवले. क्रिएटिनिन १.९, ईजीएफआर (किडनी किती गाळते ते) ३८. नाडी ८८. दमा नाही. सीटीवाल्यांनी सांगितलंय चार तास उपाशी या, चहा-कॉफी नको. २०१६ चा स्टेंट (धमनी उघडी ठेवायला बसवलेली जाळी) आहे तो तर आहेच.

सीटीरूम : स्टेंट आहे??? ताई, हे सगळ्यात आधी सांगायचं. कुठल्या धमनीत, किती मिलिमीटरचा? कार्डावर असेल.

कराडकर_मुलगी : आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे म्हणून लिहायचं सुचलं नाही. कार्ड मिळालं. एलएडी (हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य धमनी), २.५ बाय १८ मिलिमीटर.

सीटीरूम : सीटीत धातू आणि कॅल्शियम आहे त्यापेक्षा फुगून दिसतं. ३ मिलिमीटर किंवा मोठा स्टेंट असेल तर आतलं बऱ्यापैकी बघता येतं, २.५ मध्ये बहुतेक वेळा आत उघडं आहे की बंद ते सांगताच येत नाही. १५ वर्षांची शुगर म्हणजे कॅल्शियमही असणार. नाडी ८८ म्हणजे आधी गोळी देऊन ६० च्या आसपास आणावी लागेल, नाहीतर फोटो हलतात. आणि सीटीलाही डाय लागतोच. रिपोर्ट अर्धवट आला तर परत अँजिओग्राफी, म्हणजे या आधीच कमजोर किडनीवर दोनदा डायचा ताण. मी स्वतः अशा पेशंटना टेबलवरून उठवून परत कार्डिओलॉजिस्टकडे पाठवलंय.

पल्लवी_नर्स_कॅथलॅब : सहमत. सीटी अँजिओ ब्लॉक नाही हे सांगायला उत्तम, पण ज्यांना आधीच आजार माहीत आहे त्यांच्यात उपयोग कमी. कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओग्राफी करतात तिथे) शंका वाटली तर प्रेशर वायर घालून ब्लॉकच्या पुढचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती पट आहे ते मोजतात, ०.८० किंवा कमी आला तर तो ब्लॉक खरंच रक्त अडवतोय, आणि लगेच उपचार करता येतो. किडनीसाठी आधी सलाईन आणि कमीत कमी डाय, हे डॉक्टरांशी आजच बोला. शुगरच्या गोळीत मेटफॉर्मिन असेल तर कधी बंद करायची तेही विचारा, मनाने बंद करू नका. आणि बसल्या जागी दुखायला लागलं तर कसलीच वाट न बघता इमर्जन्सीत न्या.

निरामय६० : स्टेंट असेल तर माझा कॅल्शियम स्कोअरचा सल्ला मागे घेतो.

कराडकर_मुलगी : ज्या डॉक्टरांनी सीटी लिहून दिली त्यांना स्टेंटचं माहीतच नव्हतं, जुनी फाइल नेलीच नव्हती. आत्ता फोन करून सांगितलं, उद्याची सीटी रद्द करा म्हणाले आणि १० वाजता फाइल, कार्ड आणि सगळ्या गोळ्या घेऊन बोलावलंय. बाबांना मनगटातून नळी जाणार ते सांगितलं, ते म्हणाले मागच्या वेळी मांडीतून केलं होतं, हे बरं. आई अजून गप्प आहे. पल्लवीताई, सलाईनसाठी आदल्या दिवशी ॲडमिट व्हावं लागतं का?

पल्लवी_नर्स_कॅथलॅब : आमच्याकडे ईजीएफआर इतका असेल तर आदल्या रात्रीच घेतात. आईंना सोबत आणा, लॅबच्या बाहेर बसता येतं.