मदत हवी आहे: फायर अ‍ॅगेट (आत रंगीत थर चमकणारा तपकिरी अकीक दगड) ओळखायचा कसा?

मंडळी, आम्ही अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला राहतो. गेल्या शनिवारी लेकाच्या हट्टापायी टोनोपाजवळच्या सॅडल माउंटनला अकीक वेचायला गेलो. चार तास उन्हात वाकून वाकून कंबर धरली. हाती आली फुलासारख्या पाकळ्यांची एक पांढरी कॅल्सिडनी (अकीकाच्याच जातीचा दगड), बाकी नुसत्या गारगोट्या. सासूबाई म्हणाल्या, "असले दगड आमच्याकडे जळगावात विहीर खणताना निघतात!" (खोटं नाही म्हणा.)

आता सॅफर्डकडच्या राउंड माउंटनला फायर अ‍ॅगेटसाठी जायचंय. तपकिरी खड्याच्या आत रंगीत थर आहे की नाही, हे जागेवरच कसं ओळखता? ओला करून उन्हात धरायचा का? शेवटचा कच्चा रस्ता साध्या सेडानला झेपेल? आणि दगड उलटताना विंचवांचं काय करता?