कमावत्या मुलाने घरात महिन्याला किती द्यावे?

सातरस्ता: वडील निवृत्त, घर पेन्शनवर. नोकरी करणारा ३१ वर्षांचा मुलगा सोबत राहतो आणि महिन्याला ८ हजार आईच्या हातात देतो. तरी दरवर्षी वडिलांची बचत मोडावी लागते. आकडा कमी आहे की पद्धत चुकतेय?

कन्ना_चौक: पद्धत. मोठे खर्च महिन्याचे नसतातच. ज्वारीचंच बघा. दोन वेळच्या मिळून ३ भाकरी, एका भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ, म्हणजे माणशी वर्षाला क्विंटलच्या वर. रब्बीची मालदांडी बाजारात आली की वर्षाची भरायची, त्याच्या मागोमाग तूरडाळ, मिरची, मसाला. हे सगळं उन्हाळ्याच्या तोंडावर एकदम निघतं, ते पेन्शनीतूनच. म्हणून धान्याचं बिल मुलानेच दुकानात भरावं. ऊन दाखवून कोठीत भरायलाही त्यानेच हात लावावा. ओल राहिली की पावसाळ्यात कीड धरते, मग पैसे पुन्हा.

विजापूर_रोड: विजेचा हिशोब वेगळा ठेवा. दीड टनाचा एसी रात्री ८ तास चालला तर रोज साधारण ८ ते १० युनिट, महिन्याला २५०च्या आसपास. मूळ वापर १२० असेल तर ३७०वर जातो. महावितरणचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतो. चढा दर फक्त वरच्या युनिटना लागतो हे खरं, पण ते वरचे युनिट एसीचेच असतात. बिल माणशी वाटलं की एसीचे पैसे वडिलांच्या गळ्यात. त्या खोलीच्या लाइनवर सबमीटर बसवा आणि ठरलेल्या तारखेला रीडिंगचा फोटो काढा. जुन्या वायरिंगवर एसी जोडू नका, स्वतंत्र लाइन आणि एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच) घ्या. नाहीतर सॉकेट वितळतो.

आणि पाणी. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो. हौद भरणं, मोटर लावणं, टाकी बघणं हे पूर्ण मुलाचं काम. सत्तरीच्या माणसाला अपरात्री ओल्या जिन्यावरून गच्चीवर पाठवू नका, हात जोडून सांगतो.

जुनी_पेठ: पगारात घरभाडे भत्ता आहे का? जुनी करप्रणाली घेतली असेल तर वडिलांना भाडं देऊन सूट मिळते. घर वडिलांच्या नावावर हवं, उताऱ्यावर मुलाचं नाव असेल तर अडचण. भाडेकरार करा, रक्कम दरमहा बँकेतूनच पाठवा. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की वडिलांचा पॅन द्यावा लागतो. त्यांनी ते उत्पन्नात दाखवायचं. घरपट्टी वजा करून उरलेल्यावर ३० टक्के वजावट मिळते. रोखीने दिलेलं भाडं पुढे सिद्ध करणं अवघड जातं, बहुतेकांचं घोडं इथंच अडतं.

सातरस्ता: घर आई-वडील दोघांच्या नावावर आहे.

जुनी_पेठ: मग करारात दोघांची नावं घाला आणि हिश्श्याप्रमाणे दोघांच्या खात्यात वेगवेगळं भाडं टाका. आईला दुसरं उत्पन्न नसेल तर तिच्या हिश्श्यावर बहुधा कर लागतच नाही.