हिवाळी बिअरची पारख कशी करता? आपले अनुभव लिहावेत

धागाकर्ता, सातारा
थंडीच्या मोसमासाठी बनवलेल्या गडद, माल्टप्रधान (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, बहुधा बार्ली) बिअरचा आस्वाद ज्यांनी लक्षपूर्वक घेतला आहे, त्यांनी तिचा रंग, फेस, गंध आणि घोटानंतर जिभेवर रेंगाळणारी चव यांविषयी सविस्तर लिहावे. नुसते ‘आवडली’ पुरेसे नाही, का आवडली तेही यावे. सुरुवात मी करतो. या बिअरमध्ये अल्कोहोल बहुधा ६ ते ८ टक्के असते आणि तिचा सगळा जीव माल्टच्या गंधात असतो. फ्रीजमधून काढल्या काढल्या ती प्यायली, तर गारठ्याने तो गंध दबलेलाच राहतो. म्हणून मी बाटली आधी बाहेर काढून ठेवतो आणि १० ते १३ अंशांच्या आसपास आली की ट्यूलिपच्या फुलासारख्या फुगीर ग्लासात थोडीशीच ओततो. आरंभी खरपूस भाजलेल्या पावाची चव लागते. ग्लास तळहातात धरून बसले की काकवीचा गंध वर येऊ लागतो. अल्कोहोलची ऊब घशाला चटका न देता खाली उतरली, तर बिअर नीट मुरली आहे असे मी समजतो.

तासगाव
आमचा बेदाण्याचा व्यवसाय असल्यामुळे गडद क्रिस्टल माल्टमधून (आतली साखर कॅरामेलसारखी होईपर्यंत भाजलेल्या माल्टमधून) येणारा बेदाण्याचा गंध मला लगेच ओळखता येतो, आणि तो मला या बिअरचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मात्र हा गंध स्वच्छ हवा. बाटली फार काळ पडून राहिली की प्राणवायूच्या संपर्काने त्यात ओल्या पुठ्ठ्याचा वास शिरतो आणि मागची चव बोथट होते. त्यामुळे मी आधी बाटलीवरची तारीख पाहतो, नंतर ग्लास नाकाजवळ नेऊन थांबतो, आणि घोट त्यानंतरच घेतो. ज्या बिअरमध्ये गोडव्यापाठोपाठ हॉप्स या फुलांचा हलकासा कडवटपणा येऊन जीभ साफ करतो, तिला मी पहिला क्रमांक देईन; नुसती गोड बिअर दुसऱ्या घोटालाच नकोशी होते.

मिरज
मसाल्यांबद्दल माझे मत ठाम आहे. दालचिनी, जायफळ, सुंठ, संत्र्याची साल यांपैकी काहीही घातलेले असो, माल्टच्या आधी मसालाच नाकात भरला, तर त्या बिअरचे गुण मी कापते.

कराड
मिरजकर ताईंशी सहमत आहे. पण हिवाळी बिअर म्हणजे मसालेदारच असे नाही. भाच्याने अमेरिकेहून आणलेली सिएरा नेवाडा या तिथल्या ब्रुअरीची (बिअर कारखान्याची) ‘सेलिब्रेशन’ ही हिवाळी बिअर प्यायलो. १९८१ पासून निघणाऱ्या या ६.८ टक्क्यांच्या बिअरमध्ये मसाला मुळीच नसतो; त्या वर्षीच्या ताज्या हॉप्सचा पाइनसारखा, लिंबूवर्गीय गंध आणि चांगलाच कडवटपणा असतो. तिला गोडव्याच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल. अँकर या दुसऱ्या अमेरिकी ब्रुअरीची ‘ख्रिसमस एल’ ही बिअर चाखायची मात्र राहून गेली. १९७५ पासून तिची कृती दरवर्षी बदलत असे, आणि २०२३ मध्ये ती ब्रुअरीच बंद झाली, याची खंत वाटते.

वाई
शक्यतो तपकिरी बाटली घ्यावी. पारदर्शक वा हिरव्या बाटलीत उजेडामुळे हॉप्समधले घटक बिघडतात आणि उग्र दुर्गंधी येते.

सांगली
सोबत काय खावे हे कोणी लिहिले नाही. साताऱ्याचा कंदी पेढा आणि गडद बिअर यांची जोडी मला फार आवडते, कारण भाजलेल्या खव्याचा खमंगपणा माल्टशी जुळतो. आमचे भडंग कितीही प्रिय असले, तरी लसूण-मिरचीपुढे बेदाणा, काकवी यांपैकी काहीच जाणवत नाही. पारख करायची असेल त्या दिवशी मी ते बिअर संपेपर्यंत डब्यातच ठेवतो.